तुम्ही विचारलंत म्हणून: ‘भाऊ, एफएससीके मारून देऊ का?’

लिनक्सची डिस्क अचानक रीड-ओन्ली झाली, म्हणजे तिच्यावर लिहिता येईनासं झालं, की नागपुरातून हमखास हाच प्रश्न येतो. एफएससीके म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारी कमांड. मी ‘थांबा’ म्हटलं की लोक चिडतात. पण लिहिणं बंद झालंय ते डेटा सुरक्षित राहावा म्हणूनच. बिघाड नेमका कुठे आहे, ते आधी डीमेसेजला, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडला, विचारा.

तिथे ‘आयसीआरसी’ (वाटेत डेटा बिघडल्याची खूण) दिसलं आणि स्मार्टमधली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींमधली, १९९ नंबरची नोंद वाढत असेल, तर डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटाची केबल बदला; सीताबर्डीत सहज मिळते. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, वाढायचा थांबतो. यूएसबी डिस्क सारखी सुटत असेल तर हब काढून थेट पोर्टला लावा. पण ‘यूएनसी’ (वाचताना न सुधारता येणारी चूक) दिसलं आणि १९७ वर, म्हणजे पेंडिंग सेक्टरवर (डिस्कला वाचता न आलेल्या तुकड्यांवर), शून्याहून मोठा आकडा असेल, तर डिस्कच चालली आहे.

अशीच एक डिस्क लग्नाचे फोटो काढणाऱ्याची होती. माझ्याकडे येण्याआधी कोणीतरी तिच्यावर ‘एफएससीके -वाय’ चालवलं होतं. वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. ब्लॉक वाचता आला नाही की एफएससीके विचारतं, ‘इग्नोर एरर?’ हो. मग ‘फोर्स रिराइट?’ त्यालाही हो. म्हणजे जे वाचताच आलं नाही, त्याच्यावर लिहून टाकलं. ते ब्लॉक फोल्डरांचे होते. फोटो ‘लॉस्ट+फाउंड’ या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये सापडले, पण नावं ‘#१३१०७५’ अशी. कुठला फोटो कुठल्या घरचा, हे सांगणारं काहीच उरलं नाही. त्यात लिहिल्यामुळे ते सेक्टर पेंडिंगच्या यादीतून निघाले, आणि स्मार्टचा रिपोर्ट आधीपेक्षा चांगला दिसू लागला! ‘बघा, दुरुस्त झाली,’ असं सांगूनच डिस्क परत दिली होती. याचा मला आजही राग येतो.

आधी तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर कॉपी घ्यायची होती. डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणाऱ्या कमांडला ‘-एन’ लावून सोपा भाग आधी उचलायचा, मग ‘-डी -आर३’ लावून अडलेल्या जागी पुन्हा जायचं. मॅपफाइल, म्हणजे काय उचललं आणि काय राहिलं याची नोंद, दोन्ही वेळा तीच. मे महिन्यात डिस्कवर टेबल फॅन सोडा आणि स्मार्टच्या १९४ वर तापमान बघत राहा. ५५ अंशांच्या पुढे गेलं की थांबवा, मॅपफाइलमुळे काम तिथूनच पुढे चालू होतं. एफएससीके चालवायचं ते त्या कॉपीवर.

पूर्वी मी सरसकट ‘एफएससीके नकोच’ म्हणायचो. ते टिकत नाही. लाइन गेली, मशीन धाडकन बंद पडलं, बूट होताना इनिट्रॅमएफएसवर (मुख्य डिस्क जोडण्याआधीच्या तात्पुरत्या सिस्टिमवर) अडकलं आणि स्मार्ट स्वच्छ आहे, तर पार्टिशन अनमाउंट करून आधी ‘-एन’ने नुसतं बघा, मग ‘-एफ’ने दुरुस्त करा. तिथे तेच औषध आहे.

मरणाऱ्या डिस्कवर ‘-आर३’ तरी करावं का, यावर मात्र माझं मन अजून ठरत नाही. प्रत्येक फेरीत दोन-चार सेक्टर मिळतात, आणि प्रत्येक फेरीत हेड आणखी झिजतं.