नवीन कॅराबिनर: तीन रविवार वापरून झाल्यावर

क्लाइंबिंगचे जुने बिनर (कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी) काढून हळूहळू नवीन घ्यायचं ठरवलंय हे मागे लिहिलं होतं, ते काम आता निम्म्यावर आलंय. आधी मी फक्त अंगावर कोरलेला मोठा आकडा बघायचो, २२ पेक्षा २४ भारी, एवढंच. पण तिथे आकडे तीन असतात: लांबीच्या दिशेने गेट (कडीची उघडणारी दांडी) बंद असताना, आडवा ओढला तर, आणि गेट उघडं असताना. क्लाइंबिंगचं ईएन १२२७५ हे स्टँडर्ड साध्या बिनरला अनुक्रमे २०, ७ आणि ७ किलोन्यूटन किमान मागतं, म्हणजे आडव्यात ताकद एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येते (१ किलोन्यूटन साधारण १०० किलोचं वजन धरा). आता मी आधी ते दोन छोटे आकडेच वाचतो.

हे डोक्यात पक्कं बसलं तैलबैलाच्या कड्यावर. मी बिले देत होतो (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळत होतो), पार्टनर वर कड्यात ठोकलेल्या दुसऱ्या बोल्टच्या पुढे, आणि खाली उभा असलेला मित्र म्हणाला, "अरे तुझा बिनर बघ." बघतो तर तो फिरून पूर्ण आडवा, बिले लूप (कमरेच्या हार्नेसचा फास) सरकून बरोबर गेट लॉक करणाऱ्या स्क्रूच्या नळीवर येऊन बसलेला! तेव्हाच पार्टनर पडला असता तर सगळा झटका गेटवर आला असता. म्हणून पहिली खरेदी एचएमएसची, म्हणजे पेअरसारखा रुंद बिनर, आणि आत तळाला छोटी स्प्रिंगची तार असलेला, ती बिले लूप खालीच अडकवून ठेवते. तीन रविवार वापरला, एकदाही फिरला नाही. मंटर हिच (बिले द्यायची दोराची गाठ) पण त्यात मोकळी फिरते, डी आकाराच्या बिनरमध्ये चेपायची.

स्क्रूगेटबद्दल (स्क्रूने लॉक होणारा बिनर) एक गोष्ट, वजन टाकून ठेवलेलं असताना स्क्रू आवळू नका, नंतर वजन निघालं की तो असा जाम होतो की बोटांनी सुटत नाही. आणि रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरताना) रोप नळीला घासत जाणार नाही असा लावा, घासला तर नळी हळूहळू उघडते.

क्विकड्रॉला (एका पट्टीने जोडलेले दोन बिनर, एक बोल्टला, एक रोपला) वायरगेट घेतले. तारेचं गेट हलकं, त्यामुळे झटक्यात बिनर कड्यावर आपटला तरी ते सहसा उघडत नाही, जड गेट आपटल्यावर क्षणभर उघडू शकतं. पण बोल्टच्या बाजूला मला कीलॉकच (नाकाला हूक नसलेला) हवा, कारण हूक असलेलं नाक (गेट जिथे बंद होतं ते टोक) हँगरच्या (बोल्टवरच्या पत्र्याच्या) कडेला अडकतं आणि बिनर नाकावरच लटकून राहतो, तसा लोड आला तर बिनर फार कमी वजनाला तुटतो. बोल्टची बाजू आणि रोपची बाजू कधीच बदलायची नाही, हँगरने पडलेले ओरखडे रोपचं आवरण फाडतात, म्हणून बिनर जागेवर धरून ठेवणारं रबर फक्त रोपच्या बाजूला.

व्हॅली क्रॉसिंगच्या पुलीला ओव्हल (लंबगोल) बिनर ठेवलेत, त्यात पुली बरोबर मध्यात बसते, ताकद १८ किलोन्यूटनची असली तरी. टॉप रोपच्या (दोर वरून सोडलेल्या चढाईच्या) अँकरला स्टीलचे, आपल्याकडच्या धुळीने भरलेला रोप अॅल्युमिनियममध्ये लवकर खोबण पाडतो, माझ्या एका जुन्या बिनरच्या खोबणीची कड नखाला टोचते इतकी धारदार झालीये, तो रिटायर.

पावसाळ्यानंतर सगळे कोमट पाण्यात धुऊन, वाळवून बिजागरीत मेणाचं लुब्रिकंट घातलं. अजून दोन एचएमएस आणि चार वायरगेट घ्यायचे राहिलेत, पुढच्या रविवारी ड्यूक्स नोजला जातोय, तिथे मित्राचा ऑटोलॉक (आपोआप लॉक होणारा) वापरून बघतो आणि मग ठरवतो.