सिम्प्सनच्या तयारीची वही: सॅटेलाइट फोन कुठला घ्यायचा?

मार्च

गाडीचं काम आवरलं. सस्पेन्शन बदललं, दुसरी बॅटरी बसली, मध्य ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटात सक्तीचा असलेला उंच झेंडाही लागला. आता राहिला संपर्क. जुलैत डॅलहाउसीच्या गरम झऱ्यांवरून निघायचं आणि फ्रेंच लाइन या वाळूतल्या वाटेने पूर्वेला बर्ड्सविल गाव गाठायचं. मधे चारशेहून जास्त किलोमीटर वाळू. अख्खं वाळवंट धरलं तर वाळूच्या टेकड्या अकराशेच्या आसपास, आणि त्या दक्षिणोत्तर पसरलेल्या, म्हणजे आपल्या वाटेला बरोबर आडव्या. बर्ड्सविलच्या अलीकडची शेवटची ‘बिग रेड’ तर सुमारे चाळीस मीटर उंच. इथलं राष्ट्रीय उद्यान १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असतं, कारण त्या उन्हात कुणी अडकलं तर मदत पोचेपर्यंत माणूस टिकत नाही. हिवाळ्यातही दिवसभरात चार गाड्या दिसल्या तर गर्दी म्हणायची.

गाडी-गाडीत बोलायला यूएचएफ रेडिओ आहेच. सिम्प्सनमध्ये सगळे चॅनल १० वर असतात. टेकडी चढण्याआधी आपण कुठे आहोत, कुठल्या दिशेला चाललोय हे सांगायचं, म्हणजे माथ्यावर समोरासमोर धडक होत नाही. पण पाच वॉटचा हा रेडिओ टेकड्यांमध्ये थोडेच किलोमीटर पोचतो. गाडीचा डिफरन्शिअल (चाकांना ताकद वाटणारा गिअर) फुटला तर ॲडलेडच्या मेकॅनिकपर्यंत आवाज जायला आकाशातूनच वाट हवी.

कागदावर सॅटेलाइट फोनच्या कंपन्या चार. त्यातली थुराया लगेच बाद. ऑनलाइन विक्रीत थुरायाचे जुने सेट फार स्वस्तात दिसतात, आणि नवख्या माणसाला ते घबाडच वाटतं. पण ऑस्ट्रेलिया सांभाळणारा थुराया-३ हा उपग्रह एप्रिल २०२४ मध्ये बिघडला आणि कंपनीची इकडची सेवा तिथेच थांबली. जानेवारी २०२५ मध्ये थुराया-४ सोडला, पण त्याचं क्षेत्र युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, मध्य आशिया. इथे तो सेट म्हणजे पेपरवेट. आपल्या मंडळीतल्या दोघांनी याच आठवड्यात ‘थुराया मिळतोय, घेऊ का’ म्हणून विचारलं, म्हणून जरा जोरात लिहितो: घेऊ नका.

ग्लोबलस्टारचे उपग्रह चौदाशे किलोमीटरवरून फिरतात, पण आपापसात बोलत नाहीत. उपग्रहाला आपण आणि जमिनीवरचं त्यांचं केंद्र एकाच वेळी दिसावं लागतं. फोन म्हणून त्यात फार खोलात गेलो नाही.

उरले इरिडियम आणि इनमारसॅट. इथून खरी मजा आहे.

एप्रिल

दोन्हींची घडण एकमेकांच्या उलट. इरिडियमचे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवाकडून ध्रुवाकडे धावतात, पृथ्वीला एक फेरी सुमारे शंभर मिनिटांत. डोक्यावरचा उपग्रह काही मिनिटांत क्षितिजाखाली जातो आणि चालू कॉल मागून येणाऱ्याच्या हातात देतो. उपग्रह एकमेकांशी थेट जोडलेले असल्याने जमिनीवरचं केंद्र जवळ असण्याची गरज नाही. दक्षिण ध्रुवावरूनही फोन लागतो तो यामुळेच.

इनमारसॅटचा उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आपल्या दृष्टीने जागचा हलत नाही. डीटीएचची ताटली ज्या तत्त्वावर चालते तेच. ॲडलेडहून पाहिलं तर तो उत्तरेला, किंचित पूर्वेकडे, क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर. आपण उत्तरेला सरकू तसा तो वर चढतो. सिम्प्सनमध्ये साठ अंशांच्या जवळ. तो एकदा सापडला की सापडला. मधे कडा आला तर मात्र कितीही वेळ थांबा, उपयोग नाही.

वाचून पोट भरेना, म्हणून दोन्ही सेट भाड्याने आणले: इरिडियम ९५५५ आणि इनमारसॅटचा आयसॅटफोन २. ईस्टरच्या सुट्टीत फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांत नेले. भाड्याचा हा मार्ग सगळ्यांनाच सुचवतो. वर्षातून एकदाच वाळवंटात जाणाऱ्याने फोन विकतच घ्यावा असं अजिबात नाही.

पहिली चाचणी उघड्या माळावर. इरिडियम चालू केला, अँटेना ओढून उभी धरली, बघता बघता नेटवर्क. आयसॅटफोनला आधी जीपीएसवरून स्वतःची जागा कळावी लागते, मग तो उपग्रहाकडे नाव नोंदवतो. पहिल्यांदा, ॲडलेडपासून इतक्या लांब आल्यावर, त्याने बराच वेळ खाल्ला. नंतर त्याच मुक्कामात पुन्हा चालू केला की पाऊण मिनिटात तयार. अँटेना उत्तरेकडे कलती धरावी लागते, आणि फोनवर बोलताना येरझाऱ्या घालायची सवय असेल तर ती सोडावी लागते.

आवाज? दोन्हीकडे सेकंदाला सुमारे २.४ किलोबिट एवढ्या चिंचोळ्या बोळातून शब्द दाबून पाठवलेले असतात. गाणं ऐकवायला जाऊ नका, बोलणं कळतं. इनमारसॅटवर अर्ध्या सेकंदाच्या आसपास उशीर जाणवतो, कारण आवाजाला त्या उंचीपर्यंत जाऊन खाली यायचं असतं आणि उत्तरालाही तेवढीच वाट. आमच्या हिने पहिल्या कॉलवर तीनदा ‘हॅलो’ केलं आणि तिन्ही हॅलो उत्तरांवर आदळले. त्यानंतर आम्ही वाक्याच्या शेवटी ‘बोल’ म्हणायचं ठरवलं. हसू येतं, पण चालतं.

दुसरी चाचणी तिथल्याच ब्रॅकिना घळीत, आणि निर्णयाला खरं वजन तिथे आलं. उत्तरेकडच्या कड्याच्या पायथ्याशी उभं राहिलो तर आयसॅटफोन गप्प. नदीच्या कोरड्या पात्रात शंभर पावलं दक्षिणेला आलो, कडा मागे सरला, फोन लागला आणि मग एकदाही तुटला नाही. इरिडियमचं उलटं: कड्याखालीही लागला, पण आकाशाची फट अरुंद, त्यामुळे उपग्रह फटीतून निघून गेला की कॉल खलास. थांबा, पुढचा येईल, पुन्हा लावा. रेड गम झाडांच्या दाट फांद्यांखाली दोघेही कुरकुरले.

थोडक्यात, एकाला वेळ द्यावा लागतो आणि दुसऱ्याला जागा. पाय मोडून कड्याखाली पडलेल्या माणसाला शंभर पावलं सरकता येत नाही. त्याला इरिडियमच हवा. टास्मानियाच्या नैर्ऋत्येला, बेचाळीस-त्रेचाळीस अंश दक्षिणेला, ओल्या जंगलाने भरलेल्या दऱ्यांत चालणाऱ्यांनी माझं पुढचं वाचू नये. पण सिम्प्सनमध्ये कडे नाहीत. टेकडी चाळीस मीटरची असो की दहाची, तिचा उतार साठ अंशांवरचा उपग्रह झाकू शकत नाही. तिथे आकाशाला तोटा नाही.

मे

या महिन्यात एकच प्रश्न सगळ्यांकडून आला: ‘आता हातातल्या मोबाइलवरच सॅटेलाइट आलंय, मग हे ओझं कशाला?’

रास्त प्रश्न आहे. आयफोन १४ पासून पुढच्या फोनांवर सॅटेलाइटमार्फत तातडीचा एसओएस ऑस्ट्रेलियात मे २०२३ पासून आहे. टेल्स्ट्रा या इथल्या मोबाइल कंपनीने जून २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांवरून साधे मेसेज सुरू केले. गार्मिनचं इनरीच हे छोटं यंत्र इरिडियमवरून मेसेज आणि एसओएस देतं. ही सगळी यंत्रं कामाची. पण ती मजकूर पाठवतात, आणि मी फोन शोधतोय तो आवाजासाठी.

समजा बरोबरच्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं. विमानाने दुर्गम भागात पोचणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचा डॉक्टर विचारणार: घाम आहे का, हाताकडे कळ जाते का, आधीच्या गोळ्या कुठल्या, पेटीत ॲस्पिरिन आहे का. हे प्रश्नोत्तर मेसेजवर करायला बसलात तर अर्धा तास जातो. गाडीचंही तेच. ‘खालून आवाज येतोय’ असा मेसेज वाचून कुठलाच मेकॅनिक काही सांगू शकत नाही. फोनवर तो तुम्हाला गाडीखाली झोपवून नेमका नट शोधायला लावतो.

या देशाला हे फार आधी कळलं होतं. रेव्हरंड जॉन फ्लिनची ही फ्लाइंग डॉक्टर विमानसेवा १९२८ साली क्लॉनकरीहून सुरू झाली, पण डॉक्टरला बोलावणार कसं? फार्मवर वीज नाही, टेलिफोन नाही. आपल्याच ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगरने पायडल मारून वीज करणारा रेडिओ बनवला आणि तो १९२९ पासून फार्मांवर बसू लागला. विमान होतंच, त्याला वाट ट्रेगरच्या पायडलने दिली. आपल्या हौशी मंडळींनी ट्रेगरचं नाव लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

पीएलबी, म्हणजे संकटात बटण दाबून मदत मागायचं छोटं यंत्र, मात्र सोडायचा नाही, फोन कुठलाही असो. ४०६ मेगाहर्ट्झवर तो कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना हाक मारतो, ती कॅनबेराच्या बचाव केंद्रात पोचते. सिम नाही, महिन्याचं बिल नाही, एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे नोंदणी फुकट. एकदा चालू केला की किमान चोवीस तास ओरडत राहतो. समोरच्याला फक्त ‘कुणीतरी संकटात, इथे’ एवढंच कळतं, पण बेशुद्ध पडण्याआधी एक बटण दाबता येतं. नोंदणी दर दोन वर्षांनी नव्याने करावी लागते. गाडी बदलली असेल तर तेही कळवा.

जून

घेतला. आयसॅटफोन २.

इरिडियम घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. बहुतेक जुने लोक तोच घेतात आणि त्यांना ध्रुवापासून दरीपर्यंत कुठेही एकच यंत्र पुरतं. पण माझ्या वाटेवर पारडं बॅटरीने झुकवलं. आयसॅटफोन २ कंपनीच्या आकड्यांप्रमाणे १६० तास नुसता चालू राहतो आणि आठ तास बोलू देतो; ९५५५ चा नुसता चालू राहायचा आकडा तीस तास. तीस तासवाला फोन माणूस बंद करून ठेवतो आणि ठरलेल्या वेळी उघडतो. १६० तासवाला दिवसभर चालू राहतो. त्याची अँटेना घडीत असली तरी कॉल येतोय हे तो सांगतो. मग अँटेना उघडून उचलायचा. मुलं मागे ॲडलेडला असताना मला येणारा फोन हवा आहे. शिवाय तो साध्या मायक्रो-यूएसबीवर चार्ज होतो, आणि नवा सेट इरिडियमच्या मानाने बराच स्वस्त. वजन जास्त आहे, ३१८ ग्रॅम. पण तो गाडीत राहणार आहे, माझ्या खिशात नाही.

जागा: डॅशबोर्डवर नाही. काम करण्याची वरची मर्यादा ५५ अंश आहे, आणि बंद गाडीची काच उन्हात ते सहज ओलांडते. दोन सीटच्या मधल्या खणात, कापडी पिशवीत. गाडी पेटली किंवा उलटली तर हाताला लागावी म्हणून ती पिशवी आणि पीएलबी एकत्र.

सिम घेताना आधी नंबर बघितला. इनमारसॅटचा +८७० किंवा इरिडियमचा +८८१६ असा आंतरराष्ट्रीय नंबर असेल तर घरून फोन करणाऱ्याला मिनिटाला अंगावर काटा येईल असा दर पडतो. ऑस्ट्रेलियन नंबर देणाऱ्या योजनाही आहेत. फोन येण्यासाठी घेत असाल तर हा फरक मोठा. दुसरी खोच: आंतरराष्ट्रीय सिमवरून १३, १३०० आणि १८०० ने सुरू होणारे नंबर लागतीलच असं नाही. विमा, टोइंग, बर्ड्सविलचं गॅरेज, पोलीस ठाणं, सगळ्यांचे पूर्ण नंबर +६१ लावून भरले आणि निघण्याआधी एकेक लावून पाहणार आहे.

भारतात नेण्याबद्दल, कारण दिवाळीत जाणारे बरेच आहेत: फोन इथेच ठेवा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या ‘कुबेर’ बोटीवर थुराया सापडला होता, त्यानंतर हा विषय आणखी कडक झाला. थुराया आणि इरिडियमला तिथे थाराच नाही. इनमारसॅटची सेवा बीएसएनएलमार्फत मिळते, तीही दूरसंचार विभागाच्या परवानगीने, त्यामुळे इथलं सिम घातलेला आपला सेट त्यात बसत नाही. आणि इनरीच ‘फक्त जीपीएस’ आहे असं समजू नका, तो इरिडियमवर चालतो. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना याच यंत्रापायी पोलिसांत जावं लागल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. हरिश्चंद्रगडावर मिरवायचा मोह आवरा.

घरचा माणूस ठरवणं राहिलं होतं, तेही झालं. ठाण्याच्या दादाने हट्ट धरला होता की रोजचा फोन त्यालाच हवा. पण इथे संध्याकाळचे साडेसात तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन, तो ऑफिसात. आणि वेळ आलीच तर साउथ ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांशी बोलायला ॲडलेडचाच माणूस हवा. शेजारच्या कुलकर्णी वहिनींकडे वाट, गाडीचा नंबर, पीएलबीचा नंबर आणि मुक्कामाच्या जागा लिहून दिल्या आहेत. रोज साडेसातला मेसेज. एक चुकला तर त्या फोन करतील. सकाळी दहापर्यंत उत्तर नाही मिळालं तर पोलिसांना कळवतील. दादाला त्या तो मेसेज व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतील, आणि तो तक्रार करेल, ती ऐकून घ्यायची वहिनींनी तयारी दाखवली आहे.

गाडीच्या छतावर बाहेरची अँटेना बसवायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. केबल फार लांब गेली तर सिग्नल तिच्यातच मुरतो, आणि माझ्या रूफ रॅकच्या पत्र्यापासून उत्तरेचं आकाश मोकळं ठेवणारी जागा मिळत नाहीये. कुणी टोयोटा प्राडोवर बसवली असेल तर केबल किती मीटरची घेतली ते कळवा.