डेव्हिल मे क्राय: तिनातले दोन

रविवार, रात्री उशिरा

'डेव्हिल मे क्राय एचडी कलेक्शन', म्हणजे या मालिकेतल्या तीन जुन्या व्हिडिओ गेमचं संकलन, अखेर हातावेगळं केलं. म्हणजे पहिला आणि तिसरा भाग संपवला, दुसरा अर्ध्यावर सोडला आणि त्याची मनाला काडीचीही टोचणी नाही.

परवा ऑफिसात एक जण विचारत होता, सेलमध्ये दिसतंय, घेऊ का? 'घे रे' म्हणून मोकळा झालो. पण त्या 'घे'मागे बरंच पण-परंतु आहे, ते लिहून ठेवलेलं बरं.

आधी वैताग. खेळताना पडदा रुंद, कडा स्वच्छ, सगळं सुळसुळीत पळतं. मेनू उघडला की मात्र चित्र आक्रसून जुन्या टीव्हीच्या ४:३ मापात येतं आणि अक्षरं धूसर होतात. पहिल्या भागात तर बंदूक बदलायची, कुलपाला चावी लावायची, तरी मेनूच. दर वेळी डोळ्यांना एक धक्का. हे संकलन मुळात २०१२ साली पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर आलं, २०१८ मध्ये पीसी, पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आणलं. मधल्या सहा वर्षांत मेनूकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही. रिमास्टर कसलं, जुन्या घराला बाहेरून रंग मारलाय.

पण घर भक्कम होतं, हेही खरंच.

पहिला भाग २००१ चा. दिग्दर्शक हिदेकी कामियाने हा 'रेसिडेंट इव्हिल' या भयपट छापाच्या गेम-मालिकेचा चौथा भाग म्हणून सुरू केला होता, पुढे तो इतका वेगळा झाला की त्याला स्वतंत्र नाव मिळालं. ते मूळ पदोपदी दिसतं. ओसाड किल्ला, बंद दारं, कोड्यांच्या वस्तू आणि जागेवर रोवलेला कॅमेरा. भाचा शेजारी बसून बघत होता. "मामा, हा कॅमेरा फिरत का नाही?" नाहीच फिरत बाबा. पडद्याबाहेरून कात्रीचा आवाज येतो, कात्रीवाला भूत कुठे आहे ते दिसत नाही, आणि आपण अंदाजाने उडी मारतो. उडीच्या सुरुवातीला क्षणभर इजा होत नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की सगळा गेमच बदलतो. धावाधाव थांबते, समोरचा हात कधी उचलतो याची वाट बघायला लागतो आपण.

फँटम हा लाव्हाचा कोळी. त्याच्या कवचावर तलवार मारली की खण्णकन उलटते. तोंडावर मारायचं, नाहीतर सरळ पाठीवर चढायचं. कॉलेजच्या दिवसांत गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून हा खेळायचो, आणि तास संपायचा तो नेमका या कोळ्यापाशी. त्यामुळे त्याला लोळवला तेव्हा इतक्या जोरात ओरडलो की आतून बायकोने दिवे बंद करायची धमकी दिली.

शत्रूला हवेत उडवून तिथेच गोळ्यांनी झुलवत ठेवण्याचा जो प्रकार पुढे या मालिकेची ओळख झाला, तो म्हणे 'ओनिमुशा' या दुसऱ्याच गेमच्या चाचणीत दिसलेल्या एका बगवरून सुचला. मला या गेममधली ही सगळ्यात लाडकी गोष्ट आहे.

पाण्याखालचे तुकडे मात्र तेव्हाही भिकार असणार, आजही आहेत. शेवटी अचानक उडत उडत गोळ्या झाडायचा प्रकारही तसाच.

दुसरा भाग, २००३. वेगळ्या चमूने केला, आणि ते कळतं. मोठमोठी रिकामी मैदानं, मुका झालेला नायक डांटे. एका जागी भूताने झपाटलेलं हेलिकॉप्टर येतं. लांब उभं राहून पिस्तुलाचं बटण दाबत राहिलं की काम होतं. मी एका हाताने चहा पीत होतो. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

आणि मग तिसरा. दुसऱ्या भागाच्या दिग्दर्शनाला उशिरा आणलेल्या हिदेआकी इत्सुनोनेच हा २००५ चा गेम केला. दिग्दर्शक इरेला पेटला की काय होतं ते बघायचं असेल तर सर्बेरसपाशी जावं. तिसऱ्याच मिशनमध्ये तीन डोक्यांचा बर्फाळ कुत्रा समोर उभा. चुचकारणं वगैरे नाही. इथे लढण्याची एक 'स्टाइल' निवडायची असते. सुरुवातीला चपळाईची ट्रिकस्टर स्टाइल घेऊन नुसता पळत होतो, मग रॉयलगार्डकडे वळलो. त्यात मार चुकवायचा नाही, घाव बसतो त्या क्षणी अडवायचा. क्षण साधला की रक्त जात नाही, उलट ताकद साठते आणि ती एका दणक्यात परत करता येते. डांटेचा भाऊ आणि शत्रू व्हर्जिल, त्याची समशेर अशी अडवली तेव्हा तळहाताला घाम होता. आपलं वय चाळिशीला टेकलंय हे लक्षात घेता बरं वाटलं.

एक खोट आहे. या संकलनात स्टाइल फक्त मिशनच्या आधी किंवा वाटेत लागणाऱ्या ठरावीक पुतळ्यांपाशी बदलता येते. २०२० साली निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर तिसरा भाग वेगळा आला, त्यात लढता लढता बदलता येते. म्हणजे सर्वांत चांगला भाग सर्वांत चांगल्या रूपात या पेटीत नाहीच! पीसीवर गेममध्ये स्वतः फेरफार करणाऱ्या हौशी मॉडर मंडळींनी ती उणीव भरून काढली आहे, पण ती खटपट सगळ्यांना जमेल असं नाही.

तेव्हा ऑफिसातल्या त्या विचारणाऱ्याला उद्या नीट सांगायचं. स्विच असेल तर तिसरा तिथे घे. नसेल तर हे संकलन सेलमध्ये घे, पूर्ण किमतीला नको. पहिला कॅमेऱ्याला शिव्या घालत का होईना पण पूर्ण खेळ, दुसरा उघडूही नकोस. आणि तिसऱ्यात सर्बेरसने चार वेळा लोळवलं म्हणून रात्री मला फोन करू नकोस.