सात लाख वीस हजारांचे नऊ लाख बहात्तर हजार

शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मला नऊ वर्षे झाली. पहिला हप्ता सुरू झाला की कर्जदार चिडून येतो, हे अंगवळणी पडले आहे. मागच्या मंगळवारी आलेला मुलगा मात्र चिडला नव्हता. त्याने खात्याचा उतारा माझ्यासमोर ठेवला, ९,७२,००० या आकड्याखाली पेन्सिलीने मारलेली रेघ दाखवली आणि विचारले, "मॅडम, आम्ही सात लाख वीस हजारच घेतले होते ना?"

हिशेबात चूक नव्हती. दरवर्षी १,८०,००० याप्रमाणे चार वर्षांची फी आम्ही थेट महाविद्यालयाला दिली होती. अभियांत्रिकीची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो; या काळाला मोरेटोरियम म्हणतात. व्याज मात्र रक्कम वितरित झाल्या दिवसापासून लागते. दहा टक्के सरळ व्याजाने पहिल्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचे ९०,०००, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ७२,०००, मग ५४,००० आणि ३६,०००, असे मिळून २,५२,००० रुपये झाले आणि ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांसाठी सुमारे १२,८४५ रुपयांचा हप्ता बांधला गेला. वडिलांचे उत्पन्न साडेचार लाखांच्या मर्यादेच्या किंचित वर होते, त्यामुळे केंद्राचे व्याज अनुदानही नव्हते.

मी हे सारे कागदावर मांडून दाखवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबांनी तेव्हाच विचारलं होतं, मधेमधे हजार-दीड हजार भरले तर चालेल का म्हणून."

मला ते आठवले. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला बरोबर दीड हजारच होते. तेवढेच भरत गेले असते तरी नव्वद हजार मुद्दलात गेले नसते. मी म्हणाले होते, "आता कशाला? शिकू दे, नोकरी लागली की बघू." प्रवेशाचे दिवस होते, टेबलासमोर रांग होती आणि वरून मंजुरीचे उद्दिष्ट आलेले होते. कर्जदाराला मोरेटोरियम म्हणजे काय ते समजले का, हा रकाना आमच्या एकाही तक्त्यात नाही. पालकही महाविद्यालयाची जागा पक्की करून, पहिले पैसे भरूनच येतात. आधी कुणीच येत नाही.

त्याचा खरा प्रश्न वेगळाच होता. शाळेतला एक मित्र दहावीनंतर तंत्रनिकेतनात गेला, पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला लागला. दोघांची दहावीनंतरची वर्षे सहाच झाली आणि पदवीही तीच मिळाली. धाकट्या बहिणीने तोच मार्ग धरला तर चुकेल का? मी तीनच वर्षांची फी धरून हिशेब केला: मुद्दल ५,४०,०००, व्याज १,६२,०००, एकूण ७,०२,०००. त्यात पदविकेची फी धरलेली नव्हती, आणि पदविकेची मुले दुसऱ्या वर्षाच्या गणिताला अडखळतात तेही मी सांगितले, कारण या वेळी अर्धेच सांगायचे नव्हते. तिने काय करावे हे मात्र मला सांगता आले नाही.

जाताना त्याने हप्त्याव्यतिरिक्त दोन हजार भरण्यासाठी स्लिप मागितली. ती रक्कम त्याच्याच कर्जखात्यात जमा झाली का, हे मी संध्याकाळी दोनदा उघडून पाहिले.