काजूच्या मजुरीचा दर एका शेडमध्ये ठरत नाही

वेंगुर्ले, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात काजू कारखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा बायकांची शेड. फोडण्याची आणि सोलण्याची मजुरी किलोवर. एका मालकाने किलोमागे दोन-तीन रुपये वाढवले की त्याचा गर शेजारच्यापेक्षा महाग पडतो. मग तो वाढ मागे घेतो, नाहीतर सोलायचं काम घरोघरी वाटतो. कारखान्या-कारखान्यात वेगळी बोलणी इथे टिकत नाहीत. दर अख्ख्या पट्ट्याचा एकच हवा.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता याबाबत तोकडी आहे. 51 टक्के कामगार ज्या संघटनेकडे, ती बोलणी करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर 20 टक्के कामगारांमागे एक प्रतिनिधी घेऊन बोलणी करणारी परिषद. पण हे सगळं एका आस्थापनेपुरतं, म्हणजे एका कारखान्यापुरतं. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका भागातल्या अख्ख्या उद्योगासाठी एक प्रातिनिधिक संघटना होती. त्याची दुसरी बाजू 1982 च्या गिरणी संपात कोकणातल्या घराघराने भोगली: कामगार एका नेत्यामागे आणि कायद्याची मान्यता दुसऱ्याच संघटनेला. उद्योगव्यापी बोलणी हवीतच, पण सभासदसंख्या ठरावीक मुदतीने गुप्त मतदानाने तपासली पाहिजे.

तोवर आहे त्या कायद्यात वाट काढता येते. संघटना एका शेडची नको, पट्ट्यातल्या काजू कामगारांची नोंदवा. प्रत्येक मालकाला एकाच तारखेला एकच मागणीपत्र द्या, पोच घ्या, आणि समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) सर्व कारखान्यांना पक्षकार करा. खासगीत झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधतो. समेटात झालेला त्या कारखान्यातल्या आजच्या आणि उद्याच्या प्रत्येक कामगाराला. मालकांच्या संघटनेची सही पुरेशी मानू नका. प्रत्येक मालकाचं अधिकारपत्र आणि कारखान्यांची यादी कराराला जोडा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतो, मी त्या संघटनेत नव्हतोच. घरी सोलणाऱ्या बायकांचा दर त्याच करारात लिहा. ती फट राहिली तर काम तिथूनच बाहेर जातं.

खरी मारामारी दराच्या हिशेबात असते. समजा, रोजचं किमान वेतन 500 रुपये आणि साधारण हाताची बाई 8 तासांत 8 किलो गर फोडते, तर दर 62.50 रुपयांच्या खाली नको. मालक 11 किलो फोडणारीचा आकडा धरतो. त्याने दर 45.45 वर येतो आणि बाकीच्या बायका किमान वेतनाखाली जातात. वेतन संहितेत किमान वेतनाला कामगारसंख्येची अट नाही, आणि किमान वेतन दिवसावर ठरलेलं असेल तर किलोवरच्या कामालाही तेवढं द्यावंच लागतं. म्हणून करारात किलोच्या दरासोबत रोजची हमी लिहून घ्या.

वजन कुठे होतं तेही लिहा. फोडल्यावर तोललेला गर आणि भट्टीतून काढल्यावर तोललेला गर यांत फरक पडतो, कारण ओलावा उडतो. गराचा तुकडा पडला म्हणून मजुरीतली कपात तर सरसकट मान्य करू नका. बी नीट सुकवली नाही, वाफ कमी-जास्त झाली, की टरफलाला गर चिकटतो आणि पात्याखाली तुटतो. वाफेचा कॉक बाईच्या हातात नसतो. प्रत्येक लॉटमधून सुरुवातीला थोडी बी दोघांसमोर फोडून तुकड्याचं प्रमाण नोंदवा. त्याच्या वर गेलं तरच कपातीचं बोलणं.

वेळ महत्त्वाची. मार्च ते मे बी विकत घेऊन मालकाचा पैसा पोत्यांत अडकतो, आणि पावसाळ्यात ती फोडावीच लागतात. मागणीपत्र जूनच्या आधी गेलेलं बरं. संपाची नोटीस किमान 14 दिवसांची, आणि समेट चालू असताना व संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरतात.

केरळात काजूसाठी सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय समिती वेतन-बोनसवर बसते. महाराष्ट्रात 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी त्रिपक्षीय मंडळं उभी केली, लेव्ही (मालकाने मजुरीवर भरायची जादा रक्कम) मंडळात जमा होते आणि कामगार एका मालकावर अवलंबून राहत नाही. सिंधुदुर्गात काजूसाठी असं मंडळ मागायला हवं, आणि त्यात सोलणाऱ्या बायकांच्या जागा आधी ठरवून घ्यायला हव्यात.