आठ ओंजळी धने

आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा कांदा-लसणाचा तिखट मसाला. यंदा नेमकं एप्रिलात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला महिनाभर गॅसजवळ, धुराजवळ फिरकायचं नाही असं बजावलं. पुण्यात बहिणीचा डबा संपत आलेला, भावाकडंही बरणीचा तळ दिसायला लागलेला. मग तिन्ही घरांची मिळून तीन किलो मिरचीची चटणी मीच करायची ठरवली. कृती कुठंच लिहिलेली नव्हती. आई आजवर अंदाजानंच करत आली आहे.

लक्ष्मीपुरीतून दीड किलो ब्याडगी, एक किलो संकेश्वरी आणि अर्धा किलो लवंगी आणली. सुरकुतलेली ब्याडगी रंगासाठी. नुसती तीच घातली तर रस्सा लालभडक दिसतो, पण जिभेला काही लागत नाही. चव संकेश्वरीची आणि जाळ लवंगीचा. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं. मिरची मुठीत दाबल्यावर कडकड मोडली पाहिजे, वातड लागली तर अजून ऊन हवं, एवढं मला माहीत होतं. देठं मोडून बोटांची इतकी आग झाली की रात्री खोबरेल लावून झोपलो.

भाजायच्या दिवशी आई काळा चष्मा लावून आतल्या खोलीत, दार लोटून बसली होती. तिला दिसत काहीच नव्हतं, पण वास आणि आवाज पोचत होता. "तीळ उतर, तडतडायचं थांबलंय." "दगडफूल टाकलंस न्हवं? फुललं की लगेच काढ, करपलं तर सगळी चटणी कडू." मेथी चमचाभरच, खसखस मंद आचेवर, नाकेश्वर, जायपत्री, तमालपत्र सगळं वेगवेगळं, थोड्या थोड्या तेलावर. एकत्र टाकलं तर एक कच्चं राहतं आणि दुसरं जळतं.

धने किती, विचारलं तर म्हणाली, "आठ ओंजळी." मी तीन घातल्या तोवर आतून आवाज आला, "कुणाच्या ओंजळीनं?"

मी थांबलो. परातीत धने घेऊन आत गेलो. तिनं ओंजळ भरून दिली, ती वजनकाट्यावर घातली तर ९० ग्रॅम भरली. माझी भरली १३०. आठ ओंजळी माझ्या हातानं घातल्या असत्या तर किलोच्या वर धने गेले असते आणि चटणीला धन्याशिवाय दुसरा वासच राहिला नसता. मग लसूण, सुकं खोबरं, खडे मीठ, सगळंच तिच्या हातानं मोजून घेतलं.

कांद्यात मात्र मी चुकलो. उभा चिरून तीन दिवस वाळवला होता आणि तेलात तांबूस झाला तसा काढला. डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, सकाळी सातला नंबर लावला. डंकवाल्यानं कांद्याचा एक काप बोटांत चेपला आणि म्हणाला, "वला हाय अजून. हे घातलं तर गोळा हुतोय, आणि म्हैन्यात बुरशी. तळून आणा." नंबर गेला. खूप वाईट वाटलं, पण तो माणूस खरं बोलत होता. ओलावा राहिलेली चटणी वर्षभर टिकत नाही. घरी येऊन कांदा पार कुरकुरीत होईपर्यंत तळला आणि दुपारी परत गेलो.

डंकावरच का? गिरणीच्या दगडाला खोबऱ्याचं आणि कांद्याचं तेल चालत नाही, त्यात दगड माखून बसतो. डंकाखाली आधी मिरची आणि मीठ कुटलं, चाळलं, मग भाजलेला मसाला, शेवटी कांदा, खोबरं, लसूण, आलं, कोथिंबीर. तासाभरात रंग विटकरी लालावरून गडद तांबड्याकडं वळला. घरी आणली तेव्हा चटणी हाताला गरम लागत होती. ती तशीच बरणीत भरली तर वाफ धरते, म्हणून रात्रभर धोतरावर पसरून ठेवली.

सकाळी आईनं ज्वारीच्या भाकरीवर चिमूटभर चटणी घेतली, वर कच्चं तेल. दोन घास खाल्ले. "मीठ कमी आहे. लवंगी बरोबर पडली." मी मीठ भाजून, बारीक करून दिलं, तिनं दोन मुठी घातलं, मी कालवलं. सगळी मिळून सात किलोच्या वर भरली. हिंगाचे खडे घालून बरण्या दाबून भरल्या, आणि बहिणीचा डबा रविवारी एसटीनं पुण्याला गेला.