कुगतीच्या वाटेवरचा राखणदार

सप्टेंबरची अखेर. हिमाचलमधल्या चंबा जिल्ह्यात, कुगती गावाच्या वर केलंग देवाच्या देवळाकडे चढत होतो. एका वळणावर अख्खी वाट शेळ्या-मेंढ्यांनी भरलेली. पाच हजार मीटरहून उंच कुगती खिंड ओलांडून लाहौलमधून उतरलेला गद्दी मेंढपाळांचा कळप होता तो. थंडी वाढायच्या आत कांगड्याकडे सरकायचं.

मी थांबलो आणि दगड समजत होतो तो उठला. काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका, मानेला आयाळीसारखे दाट केस. भुंकला नाही. कळपाच्या आणि माझ्या मधे येऊन आडवा उभा राहिला. मी एक पाऊल टाकलं, तशी छातीतून खोल गुरगुर. पाऊल मागे घेतलं, गुरगुर थांबली.

"बैठ जाओ, बाबूजी," वरून हाक आली. बसलो. मेंढपाळ चाचा उतरून आले, कमरेला काळ्या लोकरीचा डोरा गुंडाळलेला. त्यांनी कुत्र्याला धरलं तेव्हा गळ्यातला पट्टा जवळून बघितला. लोखंडी, बाहेरून टोकदार खिळे. एक खिळा मुळाशी वाकलेला. बिबट्या आधी नरडं धरतो, म्हणून हा पट्टा. खिळा कशाने वाकला ते चाचांनी सांगितलं नाही, त्या खिळ्यावरून अंगठा तेवढा फिरवला.

मुधोळ हाउंड ही शिकारी कुत्र्यांची जात घोरपडे संस्थानिकांनी जोपासली. हा गद्दी कुत्रा घडला तो मेंढपाळांच्या हाताखाली, पिढ्यान्‌पिढ्या. चाचा म्हणाले, पिल्लू कळपातच वाढवायचं, मेंढराला चावलं तर ठेवायचं नाही. दिवसा तो असा पडून असतो, खरं काम रात्रीचं. आपल्याकडे धनगरांच्या वाड्याच्या कडेला अंधाराकडे तोंड करून बसणारी कुत्री मला तिथे फार आठवली.

२०२५ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पीपराई आणि मुधोळनंतर कुत्र्यांची चौथी देशी जात म्हणून गद्दीची नोंद केली. मला मनापासून आनंद झाला. पण आता कुणी हौसेने ही पिल्लं पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणू नयेत. राखायला कळप नसेल तर या जनावराने दिवसभर करायचं काय?

चाचांनी शीळ घातली, कळप हलला. तो सगळ्यात शेवटी निघाला, मागे पडलेल्या एका लंगड्या शेळीच्या पाठोपाठ, तिच्याच चालीने.